आधी मागचे आवाज, मग गाणारा: ‘द फाइव्ह सॅटिन्स’च्या रेकॉर्डवरून डू-वॉप बसवण्याची पद्धत

फेब्रुवारी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यू हेवनमधल्या सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात ‘द फाइव्ह सॅटिन्स’ या कृष्णवर्णीय तरुणांच्या गटाने एक संथ प्रेमगीत ध्वनिमुद्रित केलं, डू-वॉप शैलीतलं, म्हणजे मुख्य गायकामागे बाकीचे आवाज अर्थहीन बोल गात साथ करतात त्या प्रकारचं. ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ हे ते गाणं. फ्रेड पॅरिसने ते सैन्यात असताना लिहिलं आणि मुख्य आवाजही त्याचाच. स्टुडिओ परवडण्यासारखा नव्हता. सॅक्सोफोन वाजवणारा व्हिनी मॅझेटा त्या चर्चच्या ओळखीतला असल्यामुळे तळघर मिळालं. ‘स्टँडॉर्ड’ नावाच्या छोट्या कंपनीने काढलेल्या तबकडीवर हे गाणं दुसऱ्या बाजूला होतं, म्हणजे कंपनीचीही फार अपेक्षा नव्हती. पुढे ‘एम्बर’ कंपनीने ते पुन्हा काढलं आणि ते चाललं: ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे त्या काळच्या कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीताच्या यादीत तिसरा क्रमांक, पॉपच्या यादीत चोविसावा. तोवर पॅरिस सैन्याच्या नोकरीवर जपानला पोहोचला होता. गटाचं पुढचं गाजलेलं गाणं, ‘टू द आइल’, बिल बेकरच्या आवाजात झालं.

चोविसावा क्रमांक काही डोळे दिपवणारा नाही. पण न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम केंद्रावरच्या जुन्या गाण्यांच्या यादीत हेच गाणं वर्षानुवर्षं सर्वांत वर राहिलं. १९८७च्या ‘डर्टी डान्सिंग’ चित्रपटातून ते नव्या पिढीला भेटलं, आणि १९९२ मध्ये ‘बॉइज टू मेन’ या गटाने वाद्यांशिवाय गायलेली आवृत्ती अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पॅरिस जानेवारी २०२२ मध्ये वयाच्या ८५व्या वर्षी गेला.

हा लेख मात्र त्या गाण्यासारखं काहीतरी आपण चार-पाच मित्रमैत्रिणींनी मिळून कसं बसवायचं याबद्दल आहे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, येत नसलं तरी अडत नाही. सरगम कळत असेल आणि सुरात गाता येत असेल, तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

ऐकणं: चार वेळा, चार कामांसाठी

मूळ रेकॉर्ड चांगल्या हेडफोनवर लावा. सुरुवातीला कोण गातं बघा. मुख्य गायक नाही. आधी मागचे आवाज ‘शू-डू, शूबी-डू’ म्हणत येतात आणि त्यांनी जागा तयार केल्यावर पॅरिस प्रवेश करतो. माझ्या मते सगळ्या डू-वॉपचं मर्म या क्रमात आहे. आपल्याकडे चाल आधी होते, गायक आधी ठरतो, साथ नंतर जमवली जाते. इथे साथ हीच इमारत आहे, आणि ती तळापासून वर बांधायची असते. म्हणून या लेखातही मुख्य गायकाचा नंबर बराच उशिरा लागेल.

पहिल्यांदा ऐकताना फक्त खालचा आवाज, म्हणजे बेस, पकडा आणि सोबत गुणगुणा. दुसऱ्यांदा मधले आवाज ऐका. ते सहज सापडत नाहीत, कारण ते जेमतेम हलतात, आणि तेच त्यांचं कौशल्य आहे. तिसऱ्यांदा सॅक्सोफोनच्या तुकड्याखाली काय चाललंय ते ऐका. तिथे मागचे बोल बदलतात, म्हणून मधला भाग रिकामा वाटत नाही. चौथ्यांदा हवं तर शब्द ऐका. त्यानंतर ‘बॉइज टू मेन’ची आवृत्ती लावा. पियानो आणि ड्रम काढल्यावर आवाजांना किती जास्त काम करावं लागतं, ते लगेच जाणवेल.

माणसं जमवणं

पाच जण उत्तम: एक मुख्य, एक बेस, मधले तीन. चौघांतही जमतं, त्याची सोय पुढे दिली आहे. निवडताना सर्वांत गोड गळा शोधू नका. सूर धरून ठेवणारा, शेजारी दुसरं काही गात असतानाही न घसरणारा माणूस शोधा. परीक्षा सोपी आहे: तुम्ही ‘ग’ लांबवा, त्याला खालचा ‘सा’ धरायला सांगा. दहा सेकंदांत तो तुमच्या ‘ग’कडे सरकू लागला, तर त्याला सध्या मुख्य आवाजाकडे वळवा.

ही सवय मोडायला आपल्याला खरोखर वेळ लागतो. भजनी मंडळात बुवांनी ओळ म्हटली की टाळकरी तीच ओळ त्याच सुरांत उचलतात, आरतीतही सगळे एकच चाल गातात. त्यामुळे मागे उभं राहिलं की मुख्य चालीत मिसळण्याकडे कान आपोआप ओढला जातो. गोवा, वसई किंवा मुंबईच्या पॅरिशमधल्या चर्च क्वायरमध्ये गायलेलं कोणी ओळखीचं असेल, तर त्यांना आवर्जून बोलवा. चार वेगवेगळे आवाज एकाच वेळी गाण्याची सवय त्यांना लहानपणापासून असते. मांडो, म्हणजे गोव्याचं पारंपरिक कोकणी गीत, दोन आवाजांत गाणाऱ्या गोंयकार माणसालाही हे नवं वाटणार नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचं एवढं वजन होतं, ते याच शिक्षणामुळे.

पट्टी ठरवणं

पट्टी बेसवाल्यावरून ठरवा. त्याचा मंद्र ‘म’ घशात खरखर न होता, ऐकू येईल इतका भरीव निघाला पाहिजे. मग मुख्य गायकाला तार ‘ग’पर्यंत न्या. दोन्ही टोकं निभावतील ती तुमची पट्टी. पुरुषांच्या गटाला ती साधारण पांढरी एक ते पांढरी चार यांच्यामध्ये सापडते. मिश्र गटात बेस पुरुषाकडे आणि वरचे आवाज स्त्रियांकडे दिले की काम बरंच हलकं होतं.

चार कॉर्ड, सरगममध्ये

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे किंवा गायले जाणारे तीन-चार सूर. १९५०च्या दशकातली डू-वॉपची असंख्य प्रेमगीतं एकाच कॉर्डचक्रावर उभी आहेत, आणि आपलं मॉडेलही त्यातलंच. आपल्या भाषेत ते असं:

पहिली कॉर्ड: सा ग प
दुसरी: ध सा ग
तिसरी: म ध सा
चौथी: प नि रे, आणि त्यात ‘म’ मिळवला तर परतण्याची ओढ वाढते

सगळे स्वर शुद्ध. हार्मोनियमवर ही चार सलग वाजवून बघा, कान लगेच ओळखेल. दुसऱ्या कॉर्डवर जरा सावली येते, तिसरीवर मोकळं वाटतं, चौथीवर घरी परतायची घाई लागते. प्रेमगीताला यापेक्षा जास्त काही लागतच नाही.

आता वाटप. बेसने प्रत्येक कॉर्डचा पाया गायचा: सा, मंद्र ध, मंद्र म, मंद्र प. मधल्या तिघांच्या ओळी:

खालचा आवाज: सा – सा – सा – मंद्र नि
मधला आवाज: ग – ग – म – म
वरचा आवाज: प – ध – ध – प

या ओळी आडव्या वाचा. खालच्या माणसाला चारांपैकी तीन कॉर्डमध्ये एकच सूर आहे. मधला फक्त एकदा सरकतो. प्रत्येकाची उडी जवळच्या स्वरापुरतीच, आणि तरी एकत्र ऐकलं तर चार वेगळ्या कॉर्ड होतात. चक्र पुन्हा सुरू होताना ‘नि’ वर सरकून ‘सा’ होतो, ‘म’ उतरून ‘ग’ होतो. हे दोन अर्धस्वर एकाच क्षणी, एकमेकांच्या दिशेने सरकतात, आणि गटाला पहिल्यांदा अंगावर काटा येतो तो बहुतेक इथेच.

चौघंच असाल तर बेस तसाच ठेवा आणि मधल्या दोघांपैकी एकाला ग – ग – ध – प, दुसऱ्याला तार सा – तार सा – तार सा – नि द्या. पहिल्याला ‘ग’वरून ‘ध’वर उडी आहे, तिचा वेगळा सराव करावा लागेल.

सूर लावणं: हार्मोनियम मिटा

या टप्प्याला मी सर्वांत जास्त वेळ देईन, आणि तुम्हीही द्या. हार्मोनियमचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. रागसंगीत ऐकणाऱ्यांना ते ठाऊक असतं. कॉर्ड गाताना तो फरक फार बोचतो. ‘सा’ आणि ‘प’ पक्के असताना ‘ग’ केसभर खाली आणला की अचानक तिन्ही आवाज एकमेकांत विरघळतात आणि खोलीत कोणीच गात नसलेला वरचा एखादा सूर घुमल्यासारखा वाटतो. ज्याच्या कानाला तानपुऱ्याची सवय आहे, त्याला हे शोधायला पाश्चात्त्य गायकापेक्षाही कमी वेळ लागेल, असं मला मनापासून वाटतं.

पद्धत अशी. तानपुऱ्याच्या ॲपवर सा-प लावा. बेसने ‘सा’ धरावा. मग ‘प’ येऊ दे. तो स्थिर झाल्यावरच ‘ग’. ‘ग’वाल्याने वरून हळूच खाली सरकत जागा शोधावी, आणि सापडली की बाकीच्यांनी हात वर करावा. हे अंगवळणी पडेपर्यंत दुसऱ्या कॉर्डकडे जाऊ नका.

तिसऱ्या आणि चौथ्या कॉर्डला तानपुरा बंद करा. मागे पंचम सतत वाजत असेल तर तो म-ध-साशी झगडतो, आणि चौथ्या कॉर्डमध्ये ‘नि’शी ‘सा’ची टक्कर होते. तिथे बेस हाच तुमचा तानपुरा. त्यामुळे बेसवाल्याचा सूर हलला तर वरच्यांनी सावरायचा प्रयत्न करू नये. थांबून पुन्हा सुरू करावं.

आणि एक कडक नियम: मागच्या आवाजांत मींड नाही, खटका नाही, कंप नाही. आपल्या गळ्याला स्वराकडे वळसा घालून जायची सवय असते. इथे थेट स्वरावर उतरायचं. सगळी नक्षी मुख्य गायकासाठी राखून ठेवा.

ताल: दादऱ्याची दोन आवर्तनं

या गाण्यांत मात्रा चार, पण प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे पडतात. जुन्या रेकॉर्डमध्ये पियानोवर ते ‘टक-टक-टक, टक-टक-टक’ असे स्पष्ट ऐकू येतात. तबल्याच्या ॲपवर दादरा लावा: धा धी ना, धा ती ना. त्याच्या सहा मात्रा म्हणजे आपल्या दोन मात्रा. दोन आवर्तनं झाली की एक माप पूर्ण, आणि एका मापाला एक कॉर्ड. दादऱ्याचा वेग मिनिटाला १८० ते २१० ठेवला की आपल्या गाण्याची चाल मिनिटाला ६० ते ७० मात्रांची, म्हणजे हवी तशी निवांत होते.

टाळ्या पहिल्या मात्रेवर देऊ नका, दुसऱ्या आणि चौथ्यावर द्या. समेवर टाळी द्यायची आपली सवय इथे गाणं जड करते. काही तालमी टाळ्यांचाच सराव करा, सूर न लावता.

बोल

वाद्यं नसताना वाद्यांचं काम करणं, हा या बोलांचा मूळ उपयोग. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया यांसारख्या शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधली मुलं रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्यात, शाळेच्या स्वच्छतागृहात, म्हणजे जिथे आवाज घुमेल तिथे गायची. वाद्यं विकत घेण्याइतके पैसे नसायचे. मग एकाने बेसचं वाद्य व्हायचं, तिघांनी पितळी वाद्यांचा ताफा.

मूळ गाण्याचे बोल उचलण्याऐवजी स्वतःचे बनवा. बेसला जोरकस सुरुवात आणि घुमणारा शेवट हवा: ‘डूम’, ‘बॉम’, ‘दुम-ब-दुम’. मधल्यांना मऊ सुरुवात आणि लांबणारा स्वर: ‘शू’, ‘वा’, ‘हू’. ‘ट’, ‘क’, ‘च’ टाळा. तीन जण एकदम ‘क’ म्हणाले की तो तीन वेळा ऐकू येतो. बोल मात्रेच्या तीन तुकड्यांवर लिहून ठेवा आणि आधी नुसते बोलून पक्के करा, तबलावादक बोल पढंत करतात तसे. सूर त्यानंतर.

लांब स्वराच्या वेळी सगळ्यांची तोंडं सारखी उघडली पाहिजेत. एकाचा ‘ऊ’ ओठ पुढे काढून आणि दुसऱ्याचा ओठ पसरून असेल, तर सूर बरोबर असूनही कॉर्ड फाटलेली वाटते. समोरासमोर वर्तुळात उभे राहा आणि एकमेकांचे ओठ बघत गा. श्वासाच्या जागाही वाटून घ्या. दोघांनी एकाच ठिकाणी श्वास घेतला की तिथे भोक पडतं.

आता मुख्य गायक

मागचं चक्र झोपेतही म्हणता येईल इतकं मुरल्यावर मुख्य गायकाला आत घ्या. गाण्याचा ढाचा सोपा ठेवा: आठ मापांचा एक भाग, तोच पुन्हा, मग वेगळा मधला भाग, मग पहिला परत. एकूण ३२ मापं, साधारण दोन मिनिटं.

मधल्या भागासाठी माझी आवडती रचना देतो. एक माप म-ध-सा. पुढच्या मापात तीच कॉर्ड, फक्त शुद्ध धैवताचा कोमल धैवत करा. मग दोन मापं सा-ग-प. हे सगळं आणखी एकदा, पण शेवटच्या दोन मापांत सा-ग-पऐवजी चौथी कॉर्ड. वरच्या आवाजाला इथे ध, कोमल ध, प असं उतरायचं आहे. त्या एका उतरणीत आठवण, हुरहुर सगळं येऊन जातं, शब्दांना फार काही करावंच लागत नाही.

शब्द मराठीतच लिहा. एका ओळीत थोडे शब्द आणि शेवटी लांबवता येणारा स्वर: ‘आ’, ‘ऊ’ किंवा ‘ओ’. जोडाक्षरांनी संपणाऱ्या ओळी संथ लयीत अडखळतात. रात्र, वचन, वाट पाहणं, एवढ्यावर गाणं उभं राहतं. अलंकार कमी असू द्या. पॅरिसचं गाणं इतकं टिकलं त्यात साध्या बोलण्याचा वाटा मोठा आहे.

मुख्य गायकाने मागच्यांच्या किंचित मागे राहावं, मात्रेच्या डोक्यावर शब्द आदळू नये. ठुमरी-गझल गाणाऱ्याला हे लगेच जमेल. शेवटच्या भागात वरच्या आवाजाने कृत्रिम उंच आवाजात, ज्याला फॉल्सेटो म्हणतात त्यात, एखादी ‘ऊ’ची ओळ वर सोडावी. ती फक्त एकदाच वापरा.

सॅक्सोफोनच्या जागेचं काय? लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा कोणी भेटला तर सोनंच. नाहीतर माउथ ऑर्गन किंवा शीळ. काहीच नसेल तर आठ मापं मागच्यांनी तोंड मिटून गुंजन करावं आणि बेसने थोडं मोकळं खेळावं.

ध्वनिमुद्रण

चांगला मोबाइल पुरतो. खोलीची निवड मात्र नीट करा. पडदे-गाद्यांनी भरलेल्या खोलीत आवाज मरतो. इमारतीचा जिना, रिकामा हॉल किंवा तळमजल्यावरचं पार्किंग बरं. रहदारी थांबल्यावर जा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. मोबाइल छातीच्या उंचीवर स्टँडला लावा आणि आवाज शुद्ध करणारी सोय बंद करा, नाहीतर ती लांबलेले सूर गोंगाट समजून खाऊन टाकते. मुख्य गायक मोबाइलपासून फूट-दीड फुटावर, बेस दोन-अडीच फुटांवर, बाकीचे चार-पाच फुटांवर अर्धवर्तुळात. एकदा मुद्रित करून ऐका. शब्द कळत नसतील तर मागच्यांना हळू गायला सांगण्याआधी एक पाऊल मागे न्या. हळू गाताना सूर उतरतो, अंतर वाढवल्याने उतरत नाही.

ध्वनिमुद्रण संपल्यावर बेसचा शेवटचा ‘सा’ हार्मोनियमशी ताडून बघा. वाद्यांशिवाय गाणारे गट शेवटपर्यंत थोडे खाली घसरतात. पाव स्वराइतकं घसरलं असेल तर चालवून घ्या. अर्ध्या स्वराच्या पुढे गेलं असेल, तर गुन्हेगार बहुतेक दुसऱ्या कॉर्डमधला ‘ध’ असतो. तिथे वर चढताना वरचा आवाज कमी पडतो. तेवढीच उडी, प पासून ध, वेगळी काढून घोटा.

कार्यक्रमात गायचं असेल तर

तुमचं स्वतःचं गाणं असेल तर प्रश्न नाही. दुसऱ्याचं गाणं तिकिटाच्या किंवा सार्वजनिक कार्यक्रमात गाणार असाल, तर परवान्याचं आयोजकांशी आधी बोलून ठेवा. भारतात गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी बघते.

मंचावर शक्य असेल तर दोनच माइक मागा: एक मुख्य गायकाला, एक मागच्या सगळ्यांना मिळून, बेसवाला त्याच्या सर्वांत जवळ. प्रत्येकाला वेगळा माइक मिळाला की आवाजांचा तोल ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या माणसाच्या हाती जातो, आणि त्याने तुमच्या तालमी ऐकलेल्या नसतात. सुरुवातीचा ‘सा’ बेसवाल्याने मोबाइलवर कानाशी ऐकून घ्यावा आणि गुणगुणून बाकीच्यांना द्यावा. मग कोणीतरी हळूच चार मात्रा मोजाव्यात, आणि आधी मागच्यांनी सुरू करावं.